शिंगाच्या मुठीचा चाकू

"चाकू निवडायला डोळे लागत नाहीत, मामा. अंगठा लागतो," राघोत्तम म्हणाला. "अंगठा नुसता पात्यावरून फिरवायचा. मग पातंच सांगतं, मी कसल्या लोखंडाचं, मला पाणी कुणी दिलं, नीट दिलं का घाईत दिलं. माझा अंगठा यात अजून फसलेला नाही."

हे सांगताना तो सासऱ्यांसाठी सुपारी कातरत होता. वाक्य संपलं आणि अडकित्ता मिटला. मधे सुपारी नव्हती, अंगठा होता.

नारायणस्वामी राव ओट्यावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले नाहीत. "सुपारीवर रक्त पडलं असलं तर तेवढी टाका," ते म्हणाले. "आणि दुसरी घ्या. ही गोदाकडनं कातरून घ्या."

राघोत्तम अंगठा तोंडात घालून आत गेला. आत गोदा ताक घुसळत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, चूल पाहिली, राख पाहिली आणि चिमूटभर राख उचलून त्याच्या अंगठ्यावर दाबली.

"अडकित्ता होता तो," ती म्हणाली. "चाकू अजून आणायचा आहे."

चाकू आणायचा होता हे खरंच. सिरुसेरीच्या तळ्याच्या बांधाखाली रावांची केळीची बाग होती. राव चेंगलपट्टूच्या कचेरीत कारकुनी करून म्हातारे झाले, मग इथं येऊन राहिले. बाग आजवर मालोजी बघायचा. मालोजी तंजावरकडचा मराठा, मिशा जाड, आवाज त्याहून जाड. पण गेली दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. विहिरीचं पाणी मचूळ झालं, पानांच्या कडा करपायला लागल्या, आणि मद्रासच्या खानावळवाल्यांनी पानं परत पाठवायला सुरुवात केली. रावांच्या मनात बाग दुसऱ्या कुणाला द्यावी असं आलं, आणि नेमका तेव्हाच जावई घरी येऊन बसला होता.

राघोत्तम मद्रासमध्ये एका पेढीत कारकून होता. भिंतीवरचा पंखा कुणाच्या टेबलाकडं वळवायचा यावरून त्याचं वरच्या साहेबाशी भांडण झालं आणि तो बाणेदारपणे उठून आला. त्यानंतर तो तिरुवल्लिक्केणीला भावाच्या घरी व्हरांड्यात राहिला. वहिनी रोज कॉफी द्यायची, पण दर आठवड्याला पेला धाकटा होत गेला. शेवटी देव्हाऱ्यातल्या तीर्थाच्या भांड्याएवढा झाला तेव्हा तो बायकोला घेऊन सिरुसेरीला आला. आता बाग मिळाली तर इथं राहता येणार होतं. नाही मिळाली तर परत तो व्हरांडा आणि ते भांडं.

बाग कुणाला द्यायची याचा रावांच्या घरचा एक रिवाज होता. आयुधपूजेला बागेचा माणूस स्वतःचा चाकू देवीपुढं ठेवी. मागून आणलेला चालत नसे, सासऱ्याचा तर नाहीच नाही. रात्रभर हत्यारांना कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी राहुकाळ लागायच्या आत त्याच चाकूनं पहिलं पान कापायचं. ज्यानं कापलं त्याची वर्षभर बाग.

राघोत्तमकडं चाकू नव्हता. आजवर कधीच नव्हता. पेढीत पेन्सिलीला टोक करायला दाढीचं जुनं पातं मिळायचं.

"कमरेला चाकू नाही, आणि केळीत शिरणार," मालोजी बांधावरून म्हणाला होता. "माप्पिळ्ळै, केळ काय फायलीसारखी उलगडून बघायची असते काय?"

जावयाला माप्पिळ्ळै म्हणावं ते प्रेमानं. मालोजी म्हणायचा तेव्हा त्यात प्रेम सोडून बाकी सगळं असायचं.

केळंबाक्कमच्या बाजाराला रावांनी मालोजीलाच सोबत धाडलं. "तुमच्या अंगठ्याला फडकं बांधलंय," ते जावयाला म्हणाले. "पारख करायला दुसऱ्याचा असू द्या."

मालोजीच्या कमरेला चांदीच्या फुल्यांचा घडीचा चाकू कायम खोचलेला असे. त्याच्या आजाचा. तंजावरच्या पागेतला, असं तो सांगे. त्याचं पातं मात्र सिरुसेरीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"जरा दाखवा की," राघोत्तम वाटेत म्हणाला. "नमुना म्हणून."

"हा बाहेर आला की रक्त घेतल्याशिवाय आत जात नाही," मालोजी म्हणाला. "तुमचं चालेल?"

राघोत्तमनं नमुन्याचा विषय सोडला.

चाकूवाला बसला होता तो एका बाजूला बांगड्या आणि दुसऱ्या बाजूला कोवलमहून आलेली सुकी मासळी, असा मधे. वारा मासळीकडून येत होता. राघोत्तमनं पंचा नाकाला धरला. मग एक हात चाकूला आणि एक नाकाला असं चालेना, म्हणून त्यानं श्वास कोंडून चाकू बघायचा आणि लांब जाऊन श्वास घेऊन परत यायचं असं धोरण ठेवलं. गोणपाटावर चाकू मांडले होते. लाकडी मुठीचे, पितळी मुठीचे, शिंगाच्या मुठीचे. मिटलेले सगळे एकसारखे गरीब दिसत होते.

"सामी, कशाला हवा?" चाकूवाल्यानं विचारलं. "पेन्सिलीला?"

"केळीला," राघोत्तम म्हणाला आणि श्वास घ्यायला गेला.

परत आल्यावर त्यानं पहिला चाकू उघडला आणि डाव्या मनगटावरचे केस खरवडून बघितले. निघाले. दुसऱ्यानंही निघाले. तिसऱ्यानं तर जास्तच निघाले. चाकूवाला एकेक पुढं करत होता, मालोजी एकेकाला नाक मुरडत होता, आणि राघोत्तम कोपराकडं सरकत होता. डावा हात गुळगुळीत झाला तेव्हा त्यानं उजवा पुढं केला. तोही संपला. मग त्यानं नेसूची वेष्टी गुडघ्यापर्यंत उचलली आणि पोटरीवर सुरुवात केली. बांगड्यावाल्यापुढच्या बायका बांगड्या सोडून इकडं बघायला लागल्या.

मासळीवाली म्हातारी म्हणाली, "तिरुपतीला केस वाहायचे ते हा हप्त्याहप्त्यानं वाहतोय काय?"

"अय्या, डोकंच द्या एकदाचं," तिच्या शेजारची म्हणाली. "पुण्य तरी लागंल."

राघोत्तमनं वेष्टी खाली सोडली. घाम आला होता, आणि उघड्या झालेल्या कातडीवर तो झोंबत होता.

"धारेनं काही कळत नाही," तो घाईनं म्हणाला. "धार काय, दगडावर घासली की येते. चाकूचा जीव सांध्यात असतो. सांध्याला घट्ट असा दाखव."

चाकूवाल्यानं त्याच्याकडं बघितलं, मग पेटीच्या तळाशी हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक चाकू काढला. मूठ काळ्या शिंगाची. पितळेच्या खिळ्यांवर हिरवट डाग. त्यानं नखाच्या खाचेत नख घातलं आणि पातं टक्कन उघडलं. आवाज एवढा खणखणीत झाला की मासळीवरच्या माश्या उठल्या.

"हा सगळ्यांना नाही देत मी," तो म्हणाला.

राघोत्तमनं चाकू घेतला, मिटवला, आणि खाचेत नख घालून ओढलं. नख तुटलं. दुसऱ्या हाताचं घातलं. तेही गेलं.

"मालकाचा हात ओळखायला त्याला वेळ लागतो, सामी."

"सैल चाकू बायकांचे, भेंडी चिरायला," मालोजी मिशीत म्हणाला. "हा मर्दानी आहे. पण तुम्हाला झेपायचा नाही, माप्पिळ्ळै. तो लाकडी घ्या."

मालोजी नको म्हणतोय म्हणजे चाकू चांगला, हे राघोत्तमनं तिथंच ओळखलं. त्यानं शिंगाच्या मुठीचा घेतला. पैसे गोदाच्या डब्यातले होते, त्यामुळं घासाघीस फार केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो बागेत जायला लागला. काम सोपं दिसत होतं. वाळकी पानं बुंध्याशी छाटायची, बुंध्याभोवती उगवलेली पिलं काढायची, वाऱ्यानं कलंडलेल्या झाडांना टेकू द्यायचे. वारा तर सारखाच होता. पाऊस घेऊन येईल असं वाटायचं, आणि तो नुसतीच वाळू घेऊन यायचा. दातांखाली वाळू, कानात वाळू, पान कापलं की पानावर वाळू.

पण कापायला चाकू उघडायला लागतो. उभ्यानं तो उघडत नसे. राघोत्तम खाली बसायचा, मूठ दोन्ही गुडघ्यांत दाबायचा, पात्याला पंच्याचं टोक गुंडाळायचा आणि तोंडानं जोर केल्याचा आवाज काढत दोन्ही हातांनी ओढायचा. टक्क झालं की तो स्वतः मागं पडायचा. तोवर मालोजी पलीकडच्या रांगेत कोयत्यानं सपासप पुढं गेलेला असायचा.

"चाकू वापरत नाही काय तुम्ही?" राघोत्तमनं एकदा विचारलं.

"वाळक्या पानांना आजाचा चाकू? लाज वाटते."

राव काठी टेकत बाग बघायला यायचे ते नेमके राघोत्तम बसलेला असताना. घरी परतल्यावर ते बायकोला सांगायचे, "जावई बागेत असतात. बसलेले असतात."

मग चीक. केळीचा चीक पहिल्यांदा पाण्यासारखा दिसतो. राघोत्तमनं तो पाण्यासारखाच वेष्टीला पुसला. संध्याकाळपर्यंत डाग तपकिरी झाले, सकाळी काळे. गोदानं वेष्टी दगडावर आपटली, शिकेकाई लावली, लिंबू लावलं. डाग तसेच.

"केळीचा डाग जात नाही," ती म्हणाली. "चार वेष्ट्या होत्या. आता चार डाग आहेत."

"काम केल्याचे डाग आहेत ते."

"अस्कं गाव, झाडून सगळं, तसंच म्हणालंय," गोदा म्हणाली. "वेष्टी बघून म्हणालंय की काम करतायत. चाकू बघून काही म्हणत नाही कोण. वेष्टी दाखवत जा तुम्ही. बसलेले दाखवू नोको."

तिला बोलायचं होतं त्यातलं ती बरंच बोलली नाही. विहिरीवर बायका विचारायच्या, पाहुणे कधी निघणार. तिनं अमावास्येनंतर सांगितलं होतं. अमावास्या येत होत्या आणि जात होत्या.

चीक चाकूच्या सांध्यातही गेला. आता तो उघडायला जेवढा जोर लागे तेवढाच मिटवायला लागायला लागला. उघडा चाकू घरात आणायचा नाही अशी सासूबाईंची ताकीद होती, म्हणून राघोत्तम रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर पात्याची पाठ दगडावर ठेवायचा आणि मुठीवर स्वतः बसायचा. बसला की मिटायचा. खांदे दुखत, बोटांची सालं निघत, हात सांडशीसारखे वाकडे राहत. जेवताना ताकाचा पेला बोटांत धरवेना. तरी चाकूबद्दल तो वाईट बोलला नाही. "सांधा बघा," तो म्हणायचा. "हलायचं नाव नाही."

आयुधपूजेच्या दिवशी त्रिपुरसुंदरीमामींनी, म्हणजे सासूबाईंनी, पाट मांडला. त्यावर रावांचा टाक, गोदाची विळी, कात्री, कुदळ, कोयता, पाटाबाहेर जाणारी फावडी. मालोजीनं स्नान करून, ओल्या मिशांनी येऊन चांदीच्या फुल्यांचा चाकू ठेवला. मिटलेला. राघोत्तमनं आपला ठेवला. तोही मिटलेला.

"जावई, हे काय?" मामी म्हणाल्या. "हत्यार झाकलेलं कसं ठेवता? पातं कुठाय? गंध कशाला लावू मी, शिंगाला? म्हशीला लावल्यासारखं?"

"उघडतो मामी."

"उघडं नोको बाई," गोदा म्हणाली. "मांजर हिंडतंय रात्री. पाटाखाली शिरेल, पंजा कापेल. अप्पांचे पाय रात्रीचे तिकडंच असतात."

"मग मालोजीचा?"

"मालोजीचा दरवर्षी मिटलेलाच असतो, अम्मा."

"मालोजीच्याला फुल्या आहेत, फुल्यांना गंध लागतं," मामी म्हणाल्या. "यांचा काळा ठिक्कर. देवीला दिसायचा पण नाही."

राव ओट्यावरून म्हणाले, "शास्त्रात हत्यार म्हटलंय. मिटलेलं का उघडं ते म्हटलेलं नाही. लवकर करा, वडे तळायचेत अजून."

शेवटी तोड मामींनीच काढली. राघोत्तमनं चाकू उघडून द्यायचा, मामींनी पात्याला नीट आतपर्यंत गंध लावायचं, आणि मग तो मिटून ठेवायचा. म्हणजे देवीलाही पातं पोचलं आणि मांजरही वाचलं. राघोत्तम अंगणात गेला, गुडघ्यांत धरून टक्क करून उघडून आला. मामींनी सहाणेवरचं गंध घेतलं. चंदन महाग, हत्यारं ढीगभर, म्हणून त्यांनी त्यात तांदळाचं पीठ घालून ते वाढवलं होतं. जावयाच्या पहिल्या चाकूला हात आखडता घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पात्याला दोन्ही बाजूंनी लावलं. मुठीच्या खोबणीत भरलं. सांध्यात बोटानं ठासलं. वर हळद, त्यावर कुंकू.

"पुरे मामी," राघोत्तम म्हणाला.

"जावयाला पुरे म्हणायचा हक्क नसतो," मामी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाग मिळू दे तुम्हाला. ही पोरगी राहू दे माझ्याजवळ."

त्यानं चाकू विहिरीच्या काठावर नेला, वर बसला आणि मिटवला. दोन्ही बाजूंनी पिवळं गंध बाहेर आलं. मामींनी ते बोटानं निपटून परत आत दाबलं.

दसऱ्याच्या सकाळी राव पंचांग घेऊन बागेत उभे होते. शेजारी गोदा आरतीचं ताट घेऊन. मालोजी झाडाला टेकून. पहिल्या पानासाठी विहिरीजवळची केळ निवडली होती, तिचं एक पान चांगलं लांब, न फाटलेलं होतं.

राघोत्तमनं देवीपुढचा चाकू उचलून आणला होता. तो बसला, गुडघ्यांत मूठ धरली, पंच्याचं टोक गुंडाळलं आणि ओढलं. काही झालं नाही. परत ओढलं. पंचा फाटला. खोबणीतलं गंध रात्रीतनं वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखं झालं होतं.

"मुहूर्त चाललाय," राव म्हणाले.

राघोत्तमनं दात लावले. तोंडाला हळद लागली. गोदानं ताट खाली ठेवलं आणि मूठ धरली, त्यानं पात्याची पाठ धरली, आणि नवराबायको रस्सीखेच करावी तसे ओढायला लागले. गोदा मागं पडली. चाकू मिटलेलाच तिच्या हातात राहिला.

"बघितलं?" मालोजी झाडावरून पाठ काढत म्हणाला. "मी सांगत होतो, झेपायचा नाही. राव, दरवर्षीसारखं मी घेतो पान."

रावांनी पंचांगात वेळ पाहिली. मग म्हणाले, "घे बाबा."

राघोत्तम खाली बसलेलाच होता. त्याला भावाचा व्हरांडा दिसायला लागला.

मालोजीनं कमरेचा चाकू काढला, कपाळाला लावला आणि रावांकडं पाहिलं. "मंत्र म्हणा, राव. डोळे मिटून."

"डोळे का मिटायचे?"

"दरवर्षी मिटता."

"अप्पा, या वर्षी उघडे ठेवा," गोदा म्हणाली. ती अंगावरची माती झटकत होती. "लहानपणी दसऱ्याला इथं यायचो तेव्हापासून मी बघत आलेय. तुम्ही डोळे मिटलेत की हे पान नखांनी तोडतात. चाकू कमरेलाच असतो."

मालोजीची मिशी हलली. "पोरी, तुला काय दिसतंय. आजाचा चाकू असा कुणापुढं..."

"उघड," राव म्हणाले.

मालोजीनं उघडायचा प्रयत्न केला. चांगला लाल होईपर्यंत केला. शेवटी मुठीची चांदीच्या फुल्यांची एक बाजू त्याच्या हातात निघून आली, आणि आतून गंजाचा भुगा पायांवर पडला. पातं असं काही आत उरलेलंच नव्हतं.

वाऱ्यानं त्यातला थोडा भुगा उडवून नेला.

"वाहवा," राव म्हणाले. "एकाचा उघडत नाही आणि एकाला पातंच नाही. ऐका आता. राहुकाळ लागायच्या आत ज्याच्या स्वतःच्या चाकूनं पान पडेल त्याची बाग. कुणाच्याच नाही पडलं तर मी अस्की केळ उपटतो आणि सुरूची झाडं लावतो. सुरूला चाकू लागत नाही, पाणी लागत नाही, जावई लागत नाही."

मालोजी आपल्या गंजाकडं बघत बसला. मग उठून तरातरा घराकडं निघाला. घरी दुसरा चाकू आहे म्हणाला, पण त्याचं घर तळ्याच्या पलीकडं होतं.

राघोत्तम आणि गोदा स्वयंपाकघराकडं पळाले. चुलीवर सणाच्या इडल्यांचं पातेलं वाफाळत होतं. राघोत्तमनं एरंडेल ओतलं, काडीनं गंध उकरलं. काडी मोडून आत राहिली. मामी बाजूला उभ्या राहून रडत होत्या आणि रडता रडता म्हणत होत्या की त्यांनी चांगल्या मनानं लावलं.

"कुणी काही म्हणालंय काय, अम्मा?" गोदा म्हणाली. तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं, नवऱ्याच्या हातातला चाकू घेतला आणि इडल्यांच्या वरच्या ताटलीत, चार इडल्यांच्या मधोमध ठेवून झाकण घातलं.

"गोदा, इडल्या देवाच्या आहेत," मामी म्हणाल्या.

"चाकू पण देवाचाच आहे. रात्रभर देवीपुढं होता."

झाकणाखालून वाफ यायला लागली. आधी चंदनाचा वास आला, मग हळदीचा, मग जळक्या शिंगाचा. राव बाहेरून पंचांगातली वेळ ओरडून सांगत होते. तळ्याच्या बांधावर मालोजीचं पागोटं परत येताना दिसायला लागलं. गोदानं पदरानं धरून चाकू काढला. चार इडल्या पिवळ्या झाल्या होत्या. राघोत्तमनं फडक्यात धरून ओढलं. आत काहीतरी कडाड् तुटलं आणि पातं टक्कन बाहेर आलं.

तो तसाच पळाला. हात भाजत होते, वेष्टी सुटत होती. त्यानं विहिरीजवळची केळ गाठली आणि एका घावात पान पाडलं. पान लांबच लांब, स्वच्छ, रावांच्या पायाशी पडलं.

मालोजी बांधावरून उतरत होता. त्याच्या हातात भाजी चिरायचा चाकू होता, बायकोचा. त्यानं तो पाठीमागं धरला.

"बाग जावयांची," राव म्हणाले. ते पहिल्यांदाच त्याच्याकडं बघून बोलले. "दोन वर्षं पाऊस नाही, हे ध्यानात ठेवा. मालोजी, पुढल्या वर्षी नवीन चाकू घे."

"घेतो की," मालोजी म्हणाला. राघोत्तमच्या चाकूकडं त्यानं निरखून बघितलं. "माप्पिळ्ळै, मिटवून दाखवा."

राघोत्तमनं मिटवायला बघितला. पातं आत जाऊन लगेच लुळं बाहेर आलं. मुठीच्या पाठीची, पातं दाबून धरणारी पट्टी तुटली होती. विहिरीच्या काठावर ठेवून तो वर बसला तरी, उठल्याबरोबर चाकू परत उघडा.

"उघडत नव्हता तर रडत होतात," गोदा म्हणाली. "आता उघडला तर राहू दे उघडा." तिनं त्याच्यापुढं कॉफीचा पेला ठेवला. काठोकाठ भरलेला, घरातला सगळ्यांत मोठा.

पण पेला संपवायला वेळ नव्हता. मद्रासला मैलापूरच्या एका खानावळीत दसऱ्याच्या दुपारची पंगत होती आणि तिथले मालक वेंकटरमण यांनी सिरुसेरीचीच पानं सांगितली होती, शेवटची संधी म्हणून. ही पानं बरी निघाली तर वर्षभर सिरुसेरीची, नाहीतर दुसऱ्या गावची. राघोत्तमनं आणि गोदानं पानं कापली, पुसली, वाळू झटकली, एकावर एक रचून गुंडाळी केली आणि केळीच्याच सोपटानं आवळून बांधली. एकाही पानाची कड करपलेली घेतली नाही. गोदा प्रत्येक पान उजेडाला धरून बघत होती.

रस्त्यावर बस आली. राघोत्तम गठ्ठा डोक्यावर आणि तिथं सोपटं कापायला चाकू हातात घेऊन चढायला लागला.

"ते काय?" कंडक्टर म्हणाला.

"चाकू."

"चाकू दिसतोय. उघडा का?"

"मिटत नाही."

"उघडा चाकू धरलेला माणूस माझ्या गाडीत नको. त्या बाईच्या मांडीवर मूल आहे, बघा."

"मी बागेचा मालक आहे," राघोत्तम म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता. "चाकू रस्त्यावर टाकून जाऊ?"

"कनवटीला लावा."

"पोट फाटेल."

"मग उतरा."

सगळी बस बघत होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. राघोत्तमनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग पानांचा गठ्ठा पायांत घेतला आणि चाकू मुठीपर्यंत गठ्ठ्यात खुपसला, बरोबर मधोमध, जिथं कुणाला लागणार नाही. वर फक्त शिंगाची मूठ राहिली.

"हे ठीक," कंडक्टर म्हणाला.

मैलापूरला पंगतीची घाई होती. वेंकटरमण यांनी वरचं पान बघितलं, खालचं बघितलं, कडा बघितल्या. हिरवीगार. त्यांनी मान डोलावली. वाढप्यांनी चाकू उपसून राघोत्तमच्या हातात दिला आणि पानं भराभर मांडली. प्रत्येक पानाला मधोमध पात्याची चीर होती, पण बारीक, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. आधी मीठ वाढलं, मग लोणचं, मग भाजी, मग भात. मग पातळ रसम वाढलं.

रसम कुठल्याच पानावर राहिलं नाही.